वीर नरीमन : एक खटला जिंकलेला, एक हरलेला

कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळण्याची सवय आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना हळूहळू लागते. आकडे समजोत वा न समजोत, मुखपृष्ठावरचा पत्ता तरी वाचता येतो. त्या पत्त्यांत एक नाव वारंवार भेटते : नरीमन पॉइंट, मुंबई. बँका, विमा कंपन्या, एअर इंडियाची म्हणून ओळखली जाणारी ती उंच इमारत, सारे त्या चिमूटभर जमिनीवर दाटीने उभे आहे. पण हे नरीमन कोण, असे वर्गात विचारले तर कोणी पारशी शेटजी किंवा गिरणीमालक असावेत, एवढाच तर्क ऐकू येतो. नरीमन गिरणीमालक नव्हते. ते वकील होते, मुंबईचे महापौर होते, आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या सरकारी योजनेतला गैरकारभार चव्हाट्यावर आणल्यामुळे त्यांचे नाव घराघरांत गेले होते. पुढे त्याच समुद्रातून काढलेल्या जमिनीला त्यांचे नाव मिळाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

खुर्शेद फ्रामजी नरीमन यांचा जन्म १८८३ साली ठाण्यात झाला. दादाभाई नौरोजी आणि फिरोजशहा मेहता यांच्यामुळे पारशी समाजाचे राजकारणातले स्थान तेव्हा मोठे होते. पण गांधीयुग सुरू झाल्यावर त्या समाजातील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी चळवळीपासून दूर सरकली. सरकारशी सलोखा, व्यापार आणि दानधर्म हा त्यांचा मार्ग. नरीमन त्या वाटेने गेले नाहीत. ते स्वराज्य पक्षात शिरले, मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि तेथे त्यांना आपल्या आयुष्याचे पहिले मोठे काम सापडले. ते काम म्हणजे बॅकबे.

हे प्रकरण जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून नरीमन समजत नाहीत. कुलाब्यापासून मलबार हिलपर्यंत मुंबईच्या पश्चिमेला समुद्राचा जो अर्धचंद्राकार भाग आहे तो बॅकबे. तो बुजवून जमीन करावी ही कल्पना फार जुनी. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा याच कामासाठी एक कंपनी निघाली. तिच्या शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पट चढला आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. सट्ट्याच्या इतिहासात हे उदाहरण आजही सांगतात. एवढा धडा मिळूनही १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तीच योजना नव्याने हाती घेतली. या वेळी कंपनी नव्हती, खुद्द सरकार होते. त्यासाठी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले आणि लोकांकडून कर्ज उभारण्यात आले. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची आणि ती विकून कर्ज फेडून वर नफा मिळवायचा, असा हिशेब होता. याच खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांच्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. त्याच बीडीडी चाळी. बेळगाव, कोल्हापूर, रत्नागिरीकडून गिरणीत गेलेल्या किती कुटुंबांचे संसार त्या खोल्यांत झाले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

समुद्राचे काम मात्र कागदावर सोपे आणि पाण्यात अवघड निघाले. बंदरातला गाळ उपसून नळाने बॅकबेत आणून टाकायचा, अशी पद्धत होती. त्यासाठी खास ड्रेजर मागवले. त्यांतल्या एकाला गव्हर्नरसाहेबांचेच नाव दिले होते. पण गाळ अपेक्षेइतका निघेना, निघालेला गाळ बंधाऱ्याच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, आणि खर्चाचे अंदाज दरवर्षी फुगत गेले. जमिनीचे भाव उतरले, तेव्हा नफ्याची आशाही संपली. लोक या योजनेला लॉइडसाहेबांचा वेडेपणा म्हणू लागले. सरकारने आठ भागांत आखलेल्या या कामातले शेवटी चारच भाग पुरे केले, सुमारे ४४० एकर. उरलेले चार भाग तेव्हा सोडून दिले गेले. आजचा नरीमन पॉइंट त्या सोडलेल्या भागांतला आहे आणि तो स्वातंत्र्यानंतर भरला गेला.

नरीमन यांनी कौन्सिलात या योजनेवर हल्ला चढवला. तो नुसत्या भाषणांचा हल्ला नव्हता. त्यांनी करार, अंदाजपत्रके आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीचे व्यवहार खणून काढले आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारले. अखेर हिंदुस्थान सरकारला १९२६ साली चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मीअर्स तिचे अध्यक्ष होते, आणि सभासदांत सर एम. विश्वेश्वरय्या होते. (आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे नाव नव्याने सांगायला नको.) याच सुमारास नरीमन यांनी योजनेतील हार्वे नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर उघडपणे भ्रष्टाचाराचे आरोप केले. हार्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. खटला रेंगाळत रेंगाळत १९२८ पर्यंत चालला.

येथे थोडे थांबून विचार करावा. फिर्यादी गोरा अधिकारी, त्याच्या पाठीमागे सरकारी खाते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एक वकील, ज्याने जे बोलले ते सिद्ध करायचे आहे. सिद्ध झाले नाही तर शिक्षा आणि वकिलीची धूळधाण. आम्हाला ऑडिटच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की व्हाउचर नसेल तर नोंद खरी मानू नये. नरीमन यांच्याजवळ व्हाउचर होते. ते निर्दोष सुटले आणि मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. वीर ही उपाधी लोकांनी त्यांना दिली ती याच काळात.

त्यानंतरची सात-आठ वर्षे नरीमन म्हणजे मुंबईची काँग्रेस, असे समीकरण होऊन बसले. सायमन कमिशनवर बहिष्कार पडला तेव्हा यूसुफ मेहेरअल्ली यांच्यासारखे तरुण त्यांच्याभोवती गोळा झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईने जी शर्थ केली तिच्या अग्रभागी ते होते, आणि तुरुंगातही गेले. १९३२ साली पुन्हा गेले. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३४ च्या ऑक्टोबरात राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मुंबईला काँग्रेस भरली, तिचे स्वागताध्यक्ष नरीमनच. मात्र ते होयबा नव्हते. सत्याग्रह मंदावल्यावर १९३३ साली त्यांनी काँग्रेस कोणीकडे चालली आहे असा सवाल करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि गांधीजींच्या राजकारणात अध्यात्म मिसळण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. स्वागताध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने वर्षभरापूर्वी असे पुस्तक लिहिलेले असावे, ही त्या काळच्या काँग्रेसची उदारता म्हणावी की नरीमन यांची धिटाई, हे वाचकांनी ठरवावे. मला दोन्ही वाटते.

१९३५-३६ या वर्षासाठी ते मुंबईचे महापौर झाले. मुंबई कॉर्पोरेशनच्या प्रमुखाला महापौर हे नाव १९३१ पासून मिळाले. त्यापूर्वी त्याला अध्यक्ष म्हणत. १८८८ च्या कायद्याप्रमाणे शहराचा खरा कारभार सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती असे. महापौर सभासदांनी निवडायचा, तोही एका वर्षापुरता, आणि त्याचे काम मुख्यतः सभा चालवण्याचे व शहराच्या वतीने मानाने उभे राहण्याचे. त्यामुळे नरीमन यांनी महापौर म्हणून अमुक रस्ता केला, तमुक तलाव बांधला, असे सांगता येत नाही आणि ओढूनताणून सांगूही नये. पण त्या पदाचा अर्थ वेगळा होता. ज्या सरकारी खात्याने दहा वर्षांपूर्वी त्यांना आरोपी केले, त्याच शहराचे ते आता पहिले नागरिक होते. आणखी एक गोष्ट या महापौरांच्या यादीतून दिसते. नरीमन यांच्या आधी बेहराम करंजिया हे पारशी होते, नंतर जमनादास मेहता, त्यानंतर डॉ. मोझेस हे ज्यू, मग सुलतान चिनॉय. म्हणजे शहराच्या पातळीवर माणूस कोणत्या समाजाचा आहे यावरून त्याचा मार्ग अडत नव्हता. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढचा वाद नेमका तेथेच पेटला.

१९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. स्वतः नरीमन शहरातून निवडून आले. आता पक्षाचा नेता, म्हणजेच होणारा मुख्य प्रधान, कोण? मुंबईच्या जनतेला यात प्रश्नच दिसत नव्हता. प्रांताच्या राजधानीतला सर्वांत मोठा पुढारी, माजी महापौर, दोनदा तुरुंगात गेलेला वीर. दुसरे कोण असणार?

पण मुंबई प्रांत म्हणजे मुंबई शहर नव्हे. काँग्रेसच्या रचनेत या एका प्रांतात चार प्रांतिक समित्या होत्या : मुंबई, गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक. आमचे बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतातच होते आणि १९५६ पर्यंत राहिले. तेथून निवडून गेलेले सभासदही नेता निवडायला बसले होते, आणि त्यांच्यात बेळगावचे गंगाधरराव देशपांडे यांच्या शब्दाला वजन होते. १९२४ ची बेळगाव काँग्रेस, गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ती, गंगाधररावांनीच पार पाडली होती. महाराष्ट्रात शंकरराव देव, गुजरातेत तर सरदार वल्लभभाई पटेल. ग्रामीण भागातून आलेल्या या सभासदांना नरीमन ठाऊक होते, पण वृत्तपत्रांतून. मार्च १९३७ मध्ये बैठक झाली आणि बाळ गंगाधर खेर एकमताने नेते निवडले गेले. खेर रत्नागिरीकडचे, सॉलिसिटर, मितभाषी, सचोटीचे. त्यांच्याविरुद्ध बोलायला कोणाजवळ काही नव्हते, आणि निवडीच्या आधी त्यांच्या बाजूने तरी कोण बोलत होते?

नरीमन यांना हा घाव सहन झाला नाही. सरदारांनी पडद्याआडून सूत्रे हलवून, सभासदांवर दडपण आणून आपल्याला डावलले, असा त्यांनी जाहीर आरोप केला. मुंबईतील पारशी वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि नरीमन पारशी आहेत म्हणून त्यांना वगळले, असा सूर लागला. सरदारांवर महिनोन् महिने चिखलफेक झाली. काँग्रेसच्या कार्यकारिणीने आरोपांत तथ्य नसल्याचे सांगितले, तरी वाद शमेना. अध्यक्ष पंडित नेहरू पत्रव्यवहाराने वैतागून गेले. शेवटी गांधीजी आणि मुंबईचे नामांकित बॅरिस्टर डी. एन. बहादुरजी या दोघांपुढे प्रकरण ठेवण्याचे ठरले. बहादुरजी स्वतः पारशी होते, म्हणजे जातीय पक्षपाताचा संशय घ्यायला जागा राहू नये अशीच ही निवड होती.

चौकशीचे मुद्दे दोन होते, आणि दुसरा नरीमन यांना फार जड गेला. १९३४ च्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या निवडणुकीत मुंबई शहरातून दोन जागा होत्या. काँग्रेसचे डॉ. देशमुख निवडून आले, पण कन्हैयालाल मुन्शी पडले आणि सर कावसजी जहांगीर जिंकले. या पराभवाला नरीमन यांचे वागणे कारण झाले, त्यांनी काँग्रेसच्या उमेदवाराशी इमान राखले नाही, असा आक्षेप होता. सरदारांच्या मनात नरीमन यांच्याविषयी जी अढी बसली होती ती तेव्हापासूनची. म्हणजे नरीमन यांनी सरदारांवर फिर्याद केली खरी, पण पिंजऱ्यात तेही उभे राहिले.

लेखी निवेदने मागवली गेली, कागद तपासले गेले. १९३७ च्या ऑक्टोबरात निर्णय आला तो दोन्ही मुद्द्यांवर नरीमन यांच्याविरुद्ध. सरदारांनी दडपण आणल्याचे सिद्ध होत नाही आणि १९३४ चा ठपका सिद्ध होतो. नरीमन यांनी आधी हा निर्णय मान्य केल्याचे लिहून दिले आणि पाठोपाठ ती मान्यता मागे घेतली. त्यांच्या साऱ्या आयुष्यात एवढी दुबळी कृती दुसरी दिसत नाही. हार्वेच्या खटल्यात दोन वर्षे न डगमगलेला माणूस येथे काही दिवसांत दोनदा फिरला. कार्यकारिणीने मग ठराव केला की काँग्रेसमधील कोणत्याही जबाबदारीच्या व विश्वासाच्या पदाला नरीमन अपात्र आहेत.

या प्रकरणात खरे काय, यावर अजूनही दोन पक्ष आहेत. माझे मत असे की खेरांची निवड गैर नव्हती. चार प्रदेशांच्या, तीन भाषांच्या सभासदांना एकत्र ठेवणारा माणूस हवा होता, आणि नरीमन यांची कीर्ती भांडणाऱ्याची होती. सरदारांनी आपले मत सभासदांना कळू दिले नसेल, असेही मानणे भाबडेपणाचे होईल. पक्षाचा एवढा मोठा नेता गप्प बसला तरी त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ लोक लावतात. परंतु मत कळणे वेगळे आणि दडपण वेगळे. बॅकबेच्या वेळी नरीमन यांच्या हाती करार होते, आकडे होते. या वेळी हाती होता तो मनातला सल आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे. ज्या हत्याराने त्यांनी सरकारी खाते नमवले तेच त्यांनी आपल्या घरच्या भांडणात उपसले, आणि या वेळी त्याला धार नव्हती.

मात्र शिक्षा प्रमाणाबाहेर होती, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एक निवडणूक, एक रागाच्या भरात केलेला आरोप, आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या सेवेवर शिक्का मारायचा? चौकशीच्या निकालात दोष दाखवणे पुरेसे होते. अपात्रतेच्या ठरावाने नरीमन यांना घरी बसवले, आणि मुंबई शहरातील काँग्रेसचा लोकांशी असलेला एक जिवंत धागा तुटला. मेहेरअल्ली यांच्यासारखे त्यांच्या भोवतीचे तरुण त्याआधीच समाजवादी पक्षाकडे गेले होते.

१९३९ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून दूर झाले आणि त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला, तेव्हा त्याच्या चिटणिसांत नरीमन यांचे नाव दिसते. सुभाषबाबूही १९३० साली कलकत्त्याचे महापौर होते. वरिष्ठांशी न पटलेले दोन माजी महापौर असे एका तंबूत आले. पण पुढे सुभाषबाबू देशाबाहेर गेले, आणि नरीमन पुन्हा पहिल्या रांगेत दिसले नाहीत.

१९४८ च्या ऑक्टोबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या वेळी सरदार त्याच दिल्लीत उपपंतप्रधान होते आणि मुंबईच्या मुख्य प्रधानपदी दुसऱ्यांदा खेरच होते. नंतर चर्चगेट स्ट्रीटला वीर नरीमन यांचे नाव दिले गेले.

वाद तेथे मिटायचा, पण मिटला नाही. मौलाना आझाद यांचे आत्मचरित्र १९५९ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी हे प्रकरण पुन्हा काढले. नरीमन यांच्यावर अन्याय झाला, पारशी असल्याने त्यांना डावलले गेले, आणि त्याचे खापर त्यांनी सरळ सरदारांवर फोडले. मौलाना १९३७ साली प्रांतिक मंत्रिमंडळांवर देखरेख ठेवणाऱ्या काँग्रेसच्या समितीत स्वतः होते, म्हणून त्यांच्या लिहिण्याला किंमत आहे. पण मग त्यांनी बावीस वर्षे हे जाहीरपणे का सांगितले नाही, असेही कोणी विचारील. पुस्तक निघाले तेव्हा नेहरू होते, मुन्शी होते. ज्यांच्यामध्ये हा वाद झाला ते नरीमन, वल्लभभाई आणि खेर मात्र तिघेही गेलेले होते.